अर्धा निरोप

लाबोनीची हळद शुक्रवारी सकाळी दहाला ठरली होती, ढाक्यात. न्यूझीलंडमधल्या पोरिरुआत तेव्हा दुपारचे चार वाजणार होते. त्यांच्याकडे हळद संध्याकाळी लावतात, पण मोठ्या बहिणीला तिथून बघता यावं म्हणून घरच्यांनी या वेळी ती सकाळी ठेवली. मोठी बहीण म्हणजे रेहनुमा. तिच्या रेसिडेन्सीचा अर्ज अडकला होता आणि निकाल लागेपर्यंत देशाबाहेर पडू नका असं वकिलाने बजावलं होतं. त्यामुळे सख्ख्या बहिणीचं लग्न तिला टीव्हीच्या पडद्यावरच बघावं लागणार होतं. टीव्हीसुद्धा मुग्धाचा, कारण तो मोठा होता.

मुग्धा मूळची सांगलीची. बारा वर्षांपूर्वी वेलिंग्टनला शिकायला आली, डिप्लोमा झाल्यावर पोरिरुआतल्या एका रेस्ट होममध्ये केअरगिव्हर म्हणून लागली आणि आता तिथल्या सगळ्यांच्या पाळ्या लावायचं काम तिच्याकडे होतं. रेहनुमा तिच्या हाताखाली यायची. म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, भरवायची, त्यांच्या डोळ्यांत थेंब घालायची. दोघी एकाच रस्त्यावर तीन घरं सोडून राहत. बोलणं हिंदी-इंग्रजीच्या मिसळीतून चालायचं, आणि दोन वर्षांत एकमेकींच्या भाषेतलेही बरेच शब्द ओळखीचे झाले होते. थेंब घालताना रेहनुमा म्हातारीचा चेहरा वर धरून "चोख, चोख" असं लाडाने म्हणायची. बंगालीत चोख म्हणजे डोळा. मुग्धाने एकदा तिला सांगितलं, "आमच्याकडे चोख म्हणजे अगदी बिनचूक." त्यावर रेहनुमा म्हणाली होती, "मग तुझं रोस्टर चोख नाही, मुग्धादी. मला सलग तिसरा रविवार दिलायस."

दोन हजार चोवीसचा जुलै होता. ढाक्यात सरकारी नोकऱ्यांमधल्या राखीव जागांवरून विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते. लाबोनी विद्यापीठात शेवटच्या वर्षाला होती. लग्न आठवड्यावर आलं तरी ती मोर्चाला जात होती आणि बहिणीला तिथले फोटो पाठवत होती. एका फोटोत तिच्या हातात घोषणेचा फलक होता आणि त्याच हातावर मेंदीच्या कोनाने नमुना म्हणून काढलेली एक वेल. रेहनुमाने तो फोटो मुग्धाला दाखवला. "हा तिने आईला पाठवलेला नाही हां," ती म्हणाली.

बुधवारी गोळीबाराच्या बातम्या यायला लागल्या. गुरुवारी रात्री लाबोनीचा मेसेज आला की मोबाइल डेटा गेलाय, घरचं वायफाय चालू आहे, उद्या दहाला ठरल्याप्रमाणे. शुक्रवारी सकाळी रेहनुमा उठली तेव्हा पूर्ण देशाचं इंटरनेट बंद झालं होतं.

तरी चार वाजता सगळ्या जमल्या. मुग्धाने इंडियन दुकानातून ओली हळद आणून वाटून ठेवली होती. झेंडू मिळाला नाही म्हणून भिंतीवर पिवळ्या क्रेप कागदाच्या माळा लावल्या होत्या. वेलिंग्टनहून पाच-सहा बंगाली बायका पिवळ्या साड्यांवर जाड जॅकेटं घालून आल्या, कारण तिकडे ऐन हिवाळा होता आणि बाहेर हाडं गोठवणारा दक्षिणेचा वारा सुटला होता. मुग्धाचा नवरा शंतनू टीव्हीला लॅपटॉप जोडून बसला. कॉल लागेना. दर दोन-तीन मिनिटांनी तो पुन्हा लावायचा. पडद्यावर लाबोनीचा छोटा गोल फोटो यायचा, खाली "कॉलिंग" आणि मग काहीच नाही.

साडेपाचला मुग्धाच्या सात वर्षांच्या इरावतीने विचारलं, "इज इट कॅन्सल्ड?"

शंतनूने पुन्हा एकदा कॉल लावून पाहिला. मग रेहनुमाच म्हणाली, "जेवून घेऊ या. बिर्याणी गार होतेय." बायका जेवल्या. कुणीतरी भांडी घासायला लागली. हळदीची वाटी होती तिथेच राहिली.

रेहनुमाचा नवरा तौहीद कुरिअरची व्हॅन चालवायचा. तो सहाला आला तेव्हा पाहुण्या निघाल्या होत्या. स्वभावाने अबोल माणूस. त्याचा मोठा भाऊ जाहिद बोगुरा जिल्ह्यातल्या त्यांच्या गावात सत्ताधारी पक्षाचा पदाधिकारी होता, आणि सगळ्या घरावर त्याचा वचक होता. शंतनूने तौहीदला चहा दिला आणि सहज विचारलं, "तुमच्या घरून काही कळलं का?"

"परवा भाऊ बोलला होता," तौहीद म्हणाला. "त्याचं म्हणणं, हे विद्यार्थी नाहीत, गुंड घुसलेत. दोन दिवसांत निवळेल."

रेहनुमा दारात चप्पल घालत होती. ती वळून म्हणाली, "लाबोनी गुंड आहे का?"

"मी कुठे म्हटलं?"

"तुझा भाऊ म्हणतोय आणि तू ते इथे येऊन सांगतोयस."

तौहीदने चहा अर्धाच ठेवला आणि दोघं घरी गेले.

शनिवारी सकाळी कळलं की ढाक्यात मध्यरात्रीपासून कर्फ्यू लागलाय, रस्त्यावर लष्कर आहे. रेहनुमा सुट्टी न घेता कामावर येत राहिली. घरी बसून भिंती बघण्यापेक्षा बरं, असं ती म्हणाली. तिच्या वडिलांचा, आईचा, लाबोनीचा असे तीन नंबर तिने कागदावर लिहिले होते आणि मोकळा वेळ मिळाला की ती साधा फोन लावायची. कधी नुसती शांतता, कधी बंगालीत रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज. वेलिंग्टनमधल्या एकीचा शनिवारी एकदा फोन लागला होता म्हणे, अर्धं मिनिट. त्यामुळे कुणीच आशा सोडायला तयार नव्हतं.

सोमवारी दुपारी रेहनुमाला दोन जणांना आंघोळ घालायची होती. जाताना तिने तो कागद मुग्धाच्या टेबलावर ठेवला. "तू ऑफिसात आहेस ना तोवर लावत राहा. लागला तर मला ओरडून हाक मार."

मुग्धा कानाला फोन लावून पुढच्या आठवड्याचं रोस्टर भरत बसली. दोन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजल्याचा आवाज आला आणि लगेच कुणीतरी उचलला.

"हॅलो? हॅलो?" म्हाताऱ्या माणसाचा आवाज होता.

"अंकल, मैं मुग्धा, न्यूझीलंड से. रेहनुमा की दोस्त." बोलतानाच ती उठून दाराकडे निघाली होती, पण बाथरूम दुसऱ्या टोकाला होतं आणि आवाज तुटक येत होता. दारात गेल्यावर तो आणखी तुटायला लागला म्हणून ती पुन्हा खिडकीशी आली.

वडील भराभर बंगालीत बोलत होते. मधून हिंदीतला एखादा शब्द. "बिये होये गेछे," ते म्हणाले. बिये म्हणजे लग्न, हा शब्द मुग्धाने वर्षभर ऐकला होता. लग्न झालं. मग शनिवार, दोन तास, काजी असं काहीतरी. मग नाफीसचं नाव. नाफीस म्हणजे लाबोनीचा नवरा. त्याच्या नावापुढे "चोख" आलं, आणि "हासपाताल". मुग्धा म्हणाली, "अंकल, फिर से बोलिए, धीरे." ते पुन्हा बोलले, पण तोवर आवाज पाण्याखालून आल्यासारखा झाला होता. चाळीसेक सेकंदांत फोन तुटला. तिने पुन्हा लावला. रेकॉर्ड केलेली बाई बोलायला लागली.

मुग्धा बाथरूमच्या दाराशी गेली. रेहनुमा बाही वर करून एका आजींच्या पाठीवर पाणी सोडत होती. मुग्धाचा चेहरा बघूनच ती थांबली.

"लागला होता. बाबा बोलले," मुग्धा म्हणाली. "लग्न झालं. शनिवारीच झालं."

"आणि?"

"आणि... बोलता बोलता तुटला."

"सगळे बरे आहेत?"

मुग्धाला तेव्हा काय वाटलं, ते तिने पुढे स्वतःला बऱ्याचदा विचारलं. रेहनुमाच्या डोळ्यांत चार दिवसांत पहिल्यांदा जरा जीव आला होता. हातातल्या शॉवरचं पाणी नुसतं फरशीवर पडत होतं. आपण नीट ऐकलंच नसेल. कदाचित नाफीसच्या आईचं मोतीबिंदूचं काहीतरी असेल. कशाला उगाच.

"हो," ती म्हणाली. "लग्न झालं म्हणाले. म्हणजे बरेच असणार."

रेहनुमाने त्या ओल्या हातांनीच तिला मिठी मारली. टबातल्या आजींनी विचारलं, "गुड न्यूज, डिअर?" रेहनुमा म्हणाली, "माय सिस्टर गॉट मॅरिड." संध्याकाळपर्यंत सगळ्या रेस्ट होमला ते माहीत झालं. किचनमधल्या बाईने स्कोन्स केले.

बुधवारी सकाळी ढाक्यातलं घरचं इंटरनेट सुरू झालं, आणि सहा दिवसांचे फोटो एकदम आले.

झालं होतं ते असं. शुक्रवारी सकाळी मुलाकडून हळदीचं ताट यायचं होतं: साड्या, मिठाई आणि त्यांच्या रिवाजाप्रमाणे नवरीसारखा सजवलेला मोठा रोहू मासा. ताट घेऊन नवऱ्याने स्वतः यायचं नसतं. पण बाहेरची परिस्थिती बघून नातेवाईक निघाले नाहीत, म्हणून नाफीस आणि त्याचा मित्र रिक्षाने निघाले. गल्लीच्या तोंडाशी धावपळ चालू होती. पोलिसांनी छर्रे झाडले, त्यातले काही नाफीसच्या चेहऱ्याला लागले. दोन डाव्या डोळ्यात गेले. ऑपरेशन रात्री झालं. हॉस्पिटलमध्ये पोलीस जखमींची नावं लिहून नेतायत असं ऐकल्यावर घरच्यांनी त्याला सकाळीच बाहेर काढलं. त्याला उपचारांसाठी परत न्यावं तर लागणारच होतं, आणि तिथे त्याच्याजवळ राहायचं तर लाबोनी कोण लागत होती त्याची? म्हणून शनिवारी कर्फ्यूला बारा ते दोन सूट मिळाली तेव्हा वडील स्वतः चालत जाऊन काजींना घेऊन आले. एक वाजता निकाह झाला. अकरा माणसं होती. हळद लागलीच नाही. फोटोत लाबोनी रोजच्या सुती साडीत होती आणि नाफीसच्या अर्ध्या चेहऱ्याला पट्टी होती. दोघं कॅमेऱ्याकडे बघत नव्हती.

रेहनुमा त्या दिवशी कामावर आली ती सरळ मुग्धाच्या ऑफिसात. तिने दार लावलं.

"बाबा म्हणतात, त्यांनी तुला सांगितलं होतं. नाफीसच्या डोळ्याचं."

"मला नीट कळलं नव्हतं," मुग्धा म्हणाली.

"चोख शब्द तुला कळत नाही?"

मुग्धाने हातातलं पेन खाली ठेवलं.

"कळला होता ना?"

"कळला होता. पण नक्की काय ते माहीत नव्हतं. तू एवढी खूश झालीस, मला वाटलं..."

"दोन दिवस मी सगळ्यांना लाडू वाटत फिरले," रेहनुमा म्हणाली. आवाज वर गेला नव्हता. "तिकडे तो डोळा धरून पडला होता. तू मला चार शब्द जसेच्या तसे द्यायचे होतेस, मुग्धादी. त्यांचं काय करायचं ते मी बघितलं असतं."

त्यानंतर तिने अर्ज देऊन सकाळच्या पाळ्या मागितल्या. मुग्धा दुपारी असायची. अर्ज रीतसर होता, मुग्धाने तो मंजूर केला. रस्त्यावर भेट झाली तर रेहनुमा मान हलवायची. शंतनू म्हणाला, "तू चांगल्या हेतूनेच केलंस." मुग्धाला ते ऐकून बरं वाटलं नाही. चांगला हेतू होता हे खरं, पण त्यात आपल्याच्याने तिचा पडलेला चेहरा बघवला नसता हाही भाग होता, आणि तो बराच मोठा होता.

तौहीदने जुलैअखेर भावाला फोन केल्याचं मुग्धाला तिसऱ्याकडून कळलं. नाफीसला सरकारी डोळ्यांच्या हॉस्पिटलात परत घेतील आणि पोलीस त्रास देणार नाहीत एवढं बघा, अशी विनंती होती. जाहिदने नाव लिहून घेतलं. पुढे काही झालं नाही.

पाच ऑगस्टला ढाक्यात लोक पंतप्रधानांच्या निवासस्थानात शिरले आणि त्या देश सोडून गेल्या. मंगळवारी, सहा तारखेला, मुग्धा सकाळच्या एका मीटिंगसाठी लवकर आली होती. स्टाफरूममध्ये रसगुल्ल्यांचं पातेलं होतं. रेहनुमा सगळ्यांना वाटीत घालून देत होती, फिजीच्या नर्सला, समोअन क्लीनरला, कुणाला काय झालंय ते धड माहीत नसतानाही. मुग्धा दारात दिसली तेव्हा तिने एक वाटी भरून पुढे केली. दोन आठवड्यांत पहिल्यांदा. मुग्धाने ती घेतली.

दहाच्या सुमारास कार पार्कमध्ये कुरिअरची व्हॅन उभी दिसली. तौहीद आत बसून होता. मुग्धा बाहेर गेली तशी त्याने काच खाली केली.

"आत या ना, तौहीदभाई. रेहनुमाला बोलावू?"

"नको, बौदी." मुग्धाला तो वहिनी या अर्थाने बौदी म्हणायचा. त्याने इंजिन बंद केलं. "गावचं घर जाळलं काल. भावाचं. म्हणजे आमचंच, वडिलांनी बांधलेलं. भाऊ आधीच कुठेतरी निघून गेला. आई शेजाऱ्यांकडे आहे. तिने फक्त औषधाची पिशवी बाहेर काढली."

"आई बऱ्या आहेत?"

"धुराने खोकतेय. शेजारी किती दिवस ठेवतील, सांगता येत नाही. त्यांनाही भीती आहे." तो स्टिअरिंगकडे बघत होता. "रेहनुमाला आत्ता सांगू नका. महिनाभराने आज ती हसतेय. एक-दोन दिवस जाऊ देत. तिला नुसतं म्हणा, मी लांबच्या डिलिव्हरीला गेलोय."

मुग्धाच्या हातात अजून रसगुल्ल्याची वाटी होती. तिने ती व्हॅनच्या बॉनेटवर ठेवली.

"मी हे करणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही आत्ता आत येऊन तिला सांगा."

"बौदी, तुम्हाला आमच्या घरातलं माहीत नाही. ती म्हणेल, बरं झालं."

"म्हणू दे. तिला म्हणायचं ते ती म्हणेल. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन, तुमच्यासमोर. एकदा माझ्याकडून हे झालंय."

तौहीदने व्हॅनची किल्ली काढून घेतली. मग उतरला. मुग्धाने रेहनुमाला लाँड्रीतून बोलावलं, त्या दोघांना आपलं ऑफिस दिलं आणि रेहनुमाची उरलेली दोन कामं स्वतः केली. एका आजोबांची दाढी आणि एकांच्या पायाचं ड्रेसिंग. पंचवीस मिनिटांनी दार उघडलं. रेहनुमाचे डोळे लाल होते, पण ती ताठ चालत होती.

"मी म्हटलं, बरं झालं," ती मुग्धाला म्हणाली. "जाहिदभाईंबद्दल म्हटलं. मग अम्मांची औषधाची पिशवी डोळ्यासमोर आली. त्यांचा इन्हेलर मीच इथून पाठवला होता."

बोगुऱ्यात सासूबाईंना ठेवण्यासारखं कुणी राहिलं नव्हतं. ढाक्यात ओळखीचं घर एकच, रेहनुमाच्या माहेरचं. तिथे आता लाबोनी आणि नाफीस राहत होते, कारण नाफीस बँकेच्या नोकरीतून रजेवर होता आणि हॉस्पिटल तिथून जवळ पडायचं. ढाक्यात अजून पहाट होती, पण त्या रात्री तिकडे कुणी झोपलंच नव्हतं; रेहनुमाने स्टाफरूममधूनच बहिणीला फोन लावला. मुग्धा उठायला लागली तर तिने हाताने बस म्हणून खुणावलं. बोलणं बंगालीत झालं. रेहनुमाने एकही गोष्ट वगळली नाही, हे मुग्धाला सगळे शब्द न कळतासुद्धा कळत होतं: जाहिदचं नाव आलं, नाफीसचं नाव लिहून घेतल्याचं आलं, घर जळल्याचं आलं.

फोन ठेवल्यावर रेहनुमाने सांगितलं, "म्हणाली, अम्मांना आणा. जाहिदभाईंना मी या घरात पाय ठेवू देणार नाही. त्यांनी फोन केला तर अम्मांनी गच्चीवर जाऊन बोलायचं."

"आणि नाफीस?"

"त्याला विचारून सांगते म्हणाली. मग लगेच म्हणाली, तो हो म्हणेल, मी ओळखते."

तौहीदने हे सगळं मान खाली घालून ऐकलं. "ठीक आहे," एवढंच म्हणाला आणि उरलेली पार्सलं द्यायला निघून गेला.

आठवडाभराने रस्ते जरा सुरळीत झाल्यावर शेजारचा एक मास्तर सासूबाईंना बसने ढाक्याला सोडून आला. सुरुवातीला त्या आपल्याला दिलेल्या खोलीतून बाहेरच यायच्या नाहीत. आपल्या मुलाचा पक्ष आणि समोर बसलेल्या या मुलाचा डोळा, या दोन्हींचं काय करावं ते त्यांना कळत नसावं. नाफीसचा डोळा परत आला नाही. सप्टेंबरात दुसरं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. जाहिद नोव्हेंबरात पकडला गेला. त्याच्यावर कसले कसले खटले आहेत, खरे किती आणि खोटे किती, हे तौहीदलाही माहीत नव्हतं. रेहनुमा त्यावर काही बोलायची नाही. त्यांच्या घरात हा एक विषय तसाच उभा होता, आणि दोघं त्याला वळसा घालून वावरत होती.

रेहनुमाने सकाळच्या पाळ्या सोडल्या नाहीत, कारण त्या तिला सोयीच्या पडल्या. मात्र रविवारी ती पुन्हा मुग्धाकडे यायला लागली.

जानेवारीत चांगलं ऊन पडलं तेव्हा दोन्ही घरं टिटाही बेच्या किनाऱ्यावर गेली. इरावती आधीच पोहायचे टॉग्ज घालून पाण्यात पळाली आणि शंतनू तिच्यामागे. रेहनुमा सावलीत आडवी झाली होती, तिचा डोळा लागला होता. तौहीद मुग्धाजवळ वाळूत बसला होता. तो आपणहून बोलायला लागला, त्यामुळे ती जरा चकित झाली.

"काल नाफीसशी बोललो," तो म्हणाला. "पहिल्यांदाच. इतके महिने फोन आईशी व्हायचा, तो मागून जाताना दिसायचा. काल आईच म्हणाली, याच्याशी बोल."

"काय म्हणाला तो?"

"मी विचारलं, कसं आहे. तर म्हणाला, एका डोळ्याने अंतर कळत नाही. कपात चहा ओतायला गेलं की बाहेर सांडतो. जिना उतरताना पायरी चुकते." तौहीदने मुठीत वाळू घेतली आणि सोडली. "म्हणाला, चहा आता तुमची आई ओतून देते. रोज सकाळी. काही बोलत नाही, ओतते आणि कप माझ्या हातात नीट बसला की मगच सोडते."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"माफी मागणार होतो, तर तो म्हणाला, ठेवतो आता, बँकेत जायचंय." तो उठला आणि अंगावरची वाळू झटकली. "त्याला परत घेतलंय कामावर. काउंटरवर नाही, आत. रेहनुमाला सकाळीच सांगितलं मी. सगळं सांगितलं."

पाण्यातून इरावतीने हाक मारली, "तौहीद अंकल, आर यू कमिंग?" त्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तो पाण्याकडे गेला. मुग्धाने थर्मास उघडला. चार कप भरले, पाण्यात गेलेल्या दोघांच्या कपांवर ताटल्या झाकून ठेवल्या आणि रेहनुमाला हलवून उठवलं.